काश्यप गोत्राची भानगड

शुभंकरला कन्नडमधला पहिला शब्द मी शिकवला आणि त्याच शब्दापायी माझं लग्न मोडायची वेळ आली. शब्द होता ‘गोत्तिल्ला’, म्हणजे माहीत नाही. सत्त्याण्णव साली तो नागपूरहून बंगळूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीला आला. रिक्षावाला, भाजीवाली, कुणीही काही विचारलं तरी एवढा शब्द पुरेल, असं मला वाटलं होतं.

आमचे अप्पा, म्हणजे बसवंतअण्णा, निपाणीहून येऊन बनशंकरीत तीस वर्षं राहिलेले. आमचं दोघांचं जमलंय हे त्यांना सांगितलं, तर जावई पारखायचा तो देवळातच, हा त्यांचा हट्ट. चार रविवार त्यांनी शुभंकरला फिरवलं. बसवनगुडीचा नंदी झाला, गवीपुरमची गुहा झाली, मल्लेश्वरमचा काडु मल्लेश्वर झाला. राहुकाळात बनशंकरी देवीपुढे लिंबाच्या सालीचे दिवे लावताना त्यानं दोन बोटं भाजून घेतली, पण हूं की चूं केलं नाही. अप्पा खूश! तिथे गर्दीत त्याला कुणी काही विचारलं नाही, म्हणून निभावलं.

शेवटी राहिला आमच्या गल्लीतला मारुती. तिथले जयतीर्थ भट्ट म्हातारे आणि निवांत. अर्चनेचं ताट हातात घेऊन त्यांनी विचारलं, “गोत्रा?”

शुभंकर ठामपणे म्हणाला, “गोत्तिल्ला.”

भट्टांनी मान डोलावली. गोत्र माहीत नसेल त्याला काश्यप लावतात, तसं लावलं आणि मोकळे झाले. मागे अप्पांचा चेहरा पडला, कारण आमचंही काश्यपच.

घरी आल्या आल्या ते म्हणाले, “सगोत्र! बहीणभाऊ झालात की गं!”

“अप्पा, त्याला प्रश्नच कळला नव्हता.”

“मग खरं काय ते सांगू दे.”

शुभंकरनं एसटीडी बूथवरून आईला फोन लावला. ती म्हणाली, “आपल्यात देवक विचारतात बाप्पा! गोत्र कोणाले माहीत?” म्हणजे उत्तर पुन्हा तेच. अप्पांचं एकच पालुपद सुरू झालं, मारुतीसमोर लागलेलं गोत्र पुसता येत नाही.

मी दोन दिवस जेवले नाही, असं सांगितलं तर खोटं होईल. जेवले, पण रडत जेवले. तिसऱ्या दिवशी दोघांनाही ओढत देवळात नेलं.

“भट्टरे, तुम्ही याला दिलेलं गोत्र परत घ्या,” मी कन्नडमध्ये ठणकावलं.

भट्ट हसले. “घेतो की. पण मग अण्णांचंही परत घ्यावं लागेल. निपाणीहून नवे आले तेव्हा मी त्यांना गोत्र विचारलं होतं. याच पायरीवर उभं राहून त्यांनीही हेच उत्तर दिलं, गोत्तिल्ला.”

अप्पा एकटक मारुतीकडे बघत राहिले. तीस वर्षं गल्लीभर ‘आम्ही काश्यप’ म्हणून मिरवलेला माणूस! मला हसू आवरेना आणि त्यांची दयाही आली. मग त्यांनी घसा खाकरून तोंड उघडलं.

“अप्पा,” मी म्हटलं, “दोघांचं गोत्तिल्ला, म्हणजे पुन्हा सगोत्र, असं म्हणालात तर बघा.”

उघडलेलं तोंड मिटलं. नेमकं तेच म्हणणार होते ते, मी शपथेवर सांगते.

“सरी,” ते पुटपुटले.

शुभंकर घाबरून म्हणाला, “अण्णा, सरी म्हणजे काय?”

“सरी म्हणजे,” अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, “मुहूर्त बघायला घ्या.”