अप्पांचा परवाना

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून चौदा वर्षांची चंद्रव्वा पाटीवर आकडे मांडत होती आणि तिचे वडील सिद्धलिंगप्पा शेजारी मांडी घालून पाहत होते. १९७४ सालचा उन्हाळा. सोलापुरातल्या एका यंत्रमाग कारखान्यात ते वायरमनच्या हाताखाली काम करीत. हात कसबी होता. पण परवान्याच्या परीक्षेतल्या गणितांनी त्यांना दोनदा नापास केले होते.

"दाब दोनशे तीस व्होल्ट, प्रवाह पाच अँपियर," चंद्रव्वा म्हणाली. "दाबाला प्रवाहानं भागलं की रोध. शेहेचाळीस ओहम. दोनी गुनलं की शक्ती. अकराशे पन्नास वॅट."

"लई घोळ व्हतो बघ," अप्पा म्हणाले. "पन या खेपेला पास झालो की तुला मॅट्रिक करतो. सिद्धरामेश्वराची आन हाय."

तीन महिने तिने त्यांना रोज शिकवले. अप्पा पास झाले. परवाना काचेत बसवून भिंतीवर लागला.

पुढच्याच आठवड्यात चंद्रव्वा शाळेतून आली, तर घरात पाहुणे. मैंदर्गीचे विजेच्या सामानाचे दुकानदार ईरप्पा, पस्तिशीचे बिजवर, आणि त्यांचे चुलते. आई निंगव्वा तिला आत नेऊन मुकाट्याने साडी नेसवू लागली.

"अव्वा, हे काय चाललंय?"

आई तिच्या निऱ्या खोचू लागली.

तिला पाटावर बसवले. चुलत्यांनी विचारले, "पोरीचं वय?"

"सोळा सरलं," अप्पा म्हणाले.

"शाळा?"

"चौथी. म्होरं न्हाय घातली."

चंद्रव्वाने वडिलांकडे पाहिले. ते पाहुण्यांना सुपारी देण्यात गुंतले होते.

"बरं केलंसा. शिकलेली पोर आमाला नकोच," ईरप्पा म्हणाले. "तुमी मातर परवानेवाले. लगीन झालं की दुकानात माझे भागीदार. सांगा बगू, दोनशे वीस व्होल्टवर चार अँपियर खानाऱ्या शेगडीचा रोध किती?"

अप्पांनी बोटांवर हिशेब केला. "आठशे ऐंशी ओहम."

"पंचावन्न," चंद्रव्वा म्हणाली. "आठशे ऐंशी वॅट ही शक्ती झाली. अप्पा, तुमी भागायचं सोडून गुनलंसा."

चुलत्यांनी पानाचे तबक बाजूला सारले. "चौथीतली पोर ही?"

"नववीत हाय मी. वय चौदा. अप्पांना ही गणितं मीच शिकिवली. आन मी लगीन करनार न्हाय."

"फसवलंसा आमाला," म्हणत पाहुणे उठून गेले.

अप्पा तिच्यावर ओरडले. "घरात आलेली भागीदारी लाथाडलीस."

"तुमी मला शब्द दिला हुता, अप्पा."

"बापाला जाब विचारतीस?"

"ती न्हाय, मी विचारते," निंगव्वा मध्ये येऊन उभी राहिली. "मला सारं ठावं हुतं, तरी गप बसले. माझंबी चुकलं. पन हितनं म्होरं पोरीला अडवलंसा, तर शाळंतल्या बाईंना घेऊन मी ठान्यात जाईन."

लग्न टळले. शाळा सुटली नाही. गल्लीतल्या बायकांनी निंगव्वाचे कौतुक केले. चंद्रव्वाही पूर्वीसारखीच वडिलांना जेवायला वाढू लागली. फक्त त्यांच्या नजरेला नजर द्यायचे तिने सोडले. मोडलेला शब्द ती कदाचित विसरलीही असती. पण जिच्याकडून शिकून ते मोठे झाले, तिला परक्यांसमोर अडाणी ठरवताना त्यांची जीभ एकदाही अडखळली नव्हती.

त्यांचीच का? मुलीला पाटावर बसवून आपण पाहुण्यांना जे सांगतो, ते तिच्या डोळ्यांत पाहून सांगू शकतो का, हे प्रत्येक बापाने आपल्या मनाला विचारावे.