लांब बाह्यांचे शर्ट

मास्तरांच्या दुकानातून वाकडी शिवण कधी बाहेर गेली नव्हती. सूतभर जरी सरकली, तरी अख्खी बाही उसवून ते पुन्हा मशीनवर बसत. त्यांची मुलगी त्या मशीनशेजारीच कात्रणांत खेळून मोठी झाली आणि आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती.

"मागचंच माप धरा, बाबा," ती म्हणाली.

"मागचं माप धरायला मी काय रेडिमेडवाला आहे? सरळ उभी राहा."

"बाह्या लांबच ठेवा. मनगटाशी घट्ट."

"एवढ्या उकाड्यात? शिजशील."

वर्षभर तिने असेच शर्ट शिवून घेतले होते. पोरगी साधी आहे, नखरे नाहीत, असं मास्तर गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत.

मनगटाचा घेर घ्यायला त्यांनी सवयीने तिची बाही वर सारली. हातावर खुणा होत्या. काही जुन्या, फिकट. एक-दोन अजून लाल. मांजराने ओरबाडलं असेल, असं त्यांच्या मनात आलं. पण घरात मांजर नव्हतं.

टेप हातातून गळून पडला.

"कुणी केलं हे?"

तिने बाही खाली ओढून घेतली, तेव्हा त्यांना कळलं, हे तिचं तिनेच केलं होतं. ते स्टुलावर बसले.

"मरायचं नव्हतं मला, बाबा. खरंच. पण काही चुकलं की डोक्यात कुणीतरी बोलायला लागतं. मार्क कमी पडले, कुणी हसलं, काहीही. वाटतं, स्वतःला शिक्षा केली की ते थांबेल. थांबत नाही. वर लाज वाटते. मग पुन्हा तेच."

"मला सांगायचंस ना."

"तुम्हाला? एका शर्टाची काजं उलट्या बाजूला पडली, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात."

मास्तरांना आठवलं. त्यांनी तिच्यासाठी शिवलेले शर्टही आठवले. त्या शर्टांच्या मनगटावरची बटणं त्यांनीच दुहेरी दोऱ्याने पक्की केली होती.

तेवढ्यात बँकेतले साहेब आत आले. "कोट झाला का, मास्तर?"

हँगरवरच्या कोटाला अजून एकच बाही लागली होती. एरवी मास्तरांनी संध्याकाळचा वायदा करून न जेवता काम उरकलं असतं.

"नाही झाला. दिवस मोजायला चुकलो. परवा या."

"तुम्ही आणि चुकलात?"

"चुकतो मी."

"बरं, परवा तर परवा," म्हणत साहेब निघून गेले. मुलगी बापाकडे बघत राहिली.

"तुमच्या कॉलेजात त्या समुपदेशक बाई असतात ना?"

"पाचपर्यंत."

"चल. आत तू बोल. मी बाहेर बाकावर बसतो."

"रागावला नाहीत?"

"घाबरलोय," मास्तर म्हणाले.

त्यांनी भरदुपारी शटर ओढलं. किल्ली कुलपात दोनदा चुकली. तिने ती त्यांच्या हातातून घेतली आणि कुलूप लावलं.