डावं बटण

कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन शिरलेल्या माणसाला कोणी चहासुद्धा विचारत नाही. घड्याळवाला दिसला की कामगारांचे हात जड होतात, कारण आज हळू काम मोजलं गेलं तरच उद्याचा कोटा झेपेल एवढा राहतो. हे प्रत्येक कामगाराला कळतं. आमच्या अभ्यासाच्या पुस्तकांतही त्यावर एक धडा असायचा. ज्याने हे मुद्दाम डोक्यातून काढून टाकलं असा एकच माणूस मला भेटला, आणि तो नेमका माझ्या गावाकडचा निघाला.

साल १९८५. मी प्रॉडक्शन इंजिनिअरिंगमध्ये एम.ई. करत होते. घाटकोपरला आग्रा रोडच्या आत विजेच्या स्विचांचा एक कारखाना होता, तिथे मला प्रबंधासाठी मोजमाप करायची परवानगी मिळाली होती. प्रेस शॉपमध्ये आठ यंत्रं होती. कामगाराने पितळेचा तुकडा साच्यात ठेवायचा, मग दोन हातांनी दोन बटणं दाबायची, की वरून पोलादी ठोकळा येऊन तुकडा वाकवायचा. दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय ठोकळा हलत नसे, म्हणजे तो खाली येताना दोन्ही हात बाहेरच असणार. यंत्रात शहाणपण म्हणून होतं ते एवढंच.

तुकड्यांचे ट्रे योग्य जागी ठेवले तर एका तुकड्याचा वेळ नऊ सेकंदांवरून साडेसहावर येईल, असं मी कागदावर सिद्ध केलं होतं. माझे गाईड आपटेसर त्यावर इतके खूश झाले की त्यांनी तो आकडा एका परिषदेला कळवूनही टाकला. मग मी ट्रे हलवले, चार दिवस मोजलं, आणि घड्याळ काही साडेआठच्या खाली यायला तयार नव्हतं. महिन्याभरात प्रबंध द्यायचा होता. माझी झोप उडाली होती आणि घरी मी सगळ्यांवर डाफरत होते.

तीन नंबरच्या प्रेसवर काशीरामकाका होते. पन्नाशी उलटलेली, बोलणं कमी. संपात त्यांची गिरणीतली नोकरी गेली, दोन वर्षं विक्रोळीच्या चाळीत बसून काढली, मग इथे लागले. माझं मूळ गाव देवगडजवळचं हे कळल्यापासून त्यांच्या लेखी मी पाहुणी होते. डब्यातलं एक घावन माझ्यासाठी बाजूला काढलेलं असायचं, आणि ते खाल्ल्याशिवाय मला घड्याळ सुरू करू देत नसत.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते म्हणाले, "गो बाय, तोंड असां कित्याक?"

"घोडं अडलंय, काका. आकडा येत नाहीये."

"किती होये तुका?"

"साडेसहा."

मी सहज बोलून गेले, असं नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खोटं आहे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या डाव्या बटणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली दिसली. बटण आता कायमचं दाबलेलं राहणार होतं. उजव्या हाताने दुसरं बटण दाबायचं, मोकळ्या झालेल्या डाव्या हाताने तुकडे ठेवत राहायचं. ठोकळा खाली यायचा आणि त्याच्या जेमतेम आधी डावा हात बाहेर पडायचा.

"काका, हे काय?"

"हात माझो आसा. माका म्हायत आसा खय ठेवचो ता. तू लिव."

मी लिहिलं. सहा पूर्णांक चार. सहा पूर्णांक पाच. दोन दिवसांत दोनशे नोंदी झाल्या आणि मला खूप आनंद झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. प्रबंधात ट्रेच्या जागेवर बावीस पानं आली. रबराच्या पट्टीवर एक ओळही आली नाही. ऋणनिर्देशात मात्र काशीरामकाकांचं नाव मी आठवणीने घातलं, आणि दिवाळीनंतर बांधून आलेली एक प्रत त्यांना द्यायला मोठ्या ऐटीत कारखान्यात गेले.

प्रेस शॉपच्या दारातच फळ्यावर नवा कोटा होता. चोवीसशेचे दिवसाला छत्तीसशे झाले होते. खाली विद्यापीठाचं नाव आणि त्याखाली माझं.

आत गेले. आठही यंत्रांची डावी बटणं बांधलेली होती. नऊ सेकंदांच्या कामातून छत्तीसशे निघणार तरी कसे? त्यांना दुसरा रस्ताच नव्हता, तो मी बंद केला होता. पाच नंबरवर एक मुलगी होती, एकोणीस-वीस वर्षांची. काशीरामकाका लगबगीने पुढे आले.

"ही माझी पोरगी, वनमाला. कालपासून लागली. घाबरत होती, तर मी म्हटलंय, ह्यां काम युनिव्हर्सिटीन तपासलेलां आसा."

वनमालाने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हसली. तिचा डावा हात तेवढ्या वेळात दोनदा साच्यात जाऊन आला.

मी तडक मॅनेजर चंद्रप्रकाश यांच्या केबिनमध्ये शिरले. उभ्यानेच सांगितलं, की माझा आकडा चुकीचा आहे, डावं बटण बांधून तो काढलेला आहे, कोटा मागे घ्या. त्यांनी मला बसायला सांगितलं. चहा मागवला.

"मॅडम, तुमची थीसिस मी दोनदा वाचली," ते म्हणाले. "झकास आहे. त्यात ट्रे आहेत. रबर कुठे आहे?"

"मी लिहिलं नाही."

"मग मी काय वाचणार? आणि बघा ना, बटण बांधणं म्हणजे सेफ्टीचा भंग. ज्याने पहिल्यांदा बांधलं त्याला मला आजच्या आज काढावं लागेल. नाव सांगा."

त्यांनी खणातून एक फाईल काढून माझ्यासमोर उघडली. आठ कागद, सगळे एकाच मजकुराचे, टाईप केलेले. मी दोन्ही बटणं हाताने दाबून काम करतो, तसं न केल्याने इजा झाल्यास जबाबदारी माझी. खाली सह्या. आठवी सही वनमालाची होती, शाळेच्या वहीतल्यासारखी गोल आणि स्वच्छ. तारीख कालची. हे लोक अपघाताची सगळी तयारी करून बसले होते आणि अपघात तेवढा व्हायचा राहिला होता.

"माझ्या सांगण्यावरून बांधलं होतं," मी म्हणाले. "दोष माझा आहे. हवं तर लिहून देते."

ऋणनिर्देशातलं नाव त्यांनी वाचलेलं होतंच; शिपायाला पाठवून त्यांनी काशीरामकाकांना बोलावलं. काका हात पुसत दारात उभे राहिले.

"काशीराम, मॅडमनी टायमिंग घेतलं तेव्हा तुझं बटण बांधलेलं होतं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हो म्हणा, अशी. त्यांना ती दिसली, याची मला खात्री आहे.

"नाय सायब. ट्रे हलवले म्हणान झालां."

"ऐकलंत? तुम्ही आता काही लिहून दिलंत तर तुमची डिग्री जाईल आणि हा खोटारडा ठरेल. चहा घ्या, निवतोय."

मी चहा घेतला नाही. काका मला फाटकापर्यंत सोडायला आले, पण या वेळी दोन पावलं पुढे चालत होते. फाटकाशी मी त्यांचा हात धरला.

"काका, मी सगळं खरं लिहून देते. माझी डिग्री गेली तर जाऊ दे. फक्त तुम्ही हो म्हणा. निदान वनमालाला तरी उद्यापासून पाठवू नका."

त्यांनी हात सोडवून घेतला.

"दोन वर्सां घरात बसलंय मी. आता दोन पगार येतत." मग म्हणाले, "तुका साडेसहा होये होते. मी दिलंय. आता ते परत मागू नको."

प्रबंधाची प्रत माझ्या हातातच राहिली होती. ती त्यांनी आपणहून घेतली, काखेत धरली आणि आत निघून गेले.