आपली नव्हे, शेजारची

मी एक जुनी दाराची बेल आहे. पितळेची एक वाटी, तिच्यावर आपटणारी बोराएवढी हातोडी आणि भिंतीतून बाहेरच्या बटणापर्यंत गेलेली तार, एवढाच माझा देह. मित्रांनो, आपली गोष्ट सांगणारे बहुतेक जण मान ताठ करून सांगतात. मला ते जमायचे नाही. माझ्या गोष्टीत लाजच जास्त आहे. पण इतकी वर्षे लपवूनही ती कमी झाली नाही, म्हणून आज सांगून टाकते.

माझा जन्म बुडापेस्टचा. दातांचे डॉक्टर हाल्मोश यांनी मला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, दाराच्या आतल्या बाजूला बसवले. तेव्हाचा माझा थाट काय विचारता! दर शनिवारी मला राखेने घासून लखलखीत करीत. पाहुणे आले की मी वाजे आणि हाल्मोशांची छोटी सेरेना हातातला खसखशीचा केक तसाच धरून दाराकडे धावत सुटे. "किती गोड वाजते हो तुमची बेल!" असे येणाऱ्या बायका म्हणत. मला वाटे, माणसांना आनंद द्यायलाच आपला जन्म आहे.

सेरेना मोठी झाली आणि मनाची डॉक्टर झाली. माणसाला कोचावर निजवायचे, आपण त्याच्या उशाशी खुर्ची घेऊन बसायचे आणि तो जे बोलेल ते ऐकायचे, हे तिचे काम. स्वप्ने तर ती विशेष कान देऊन ऐके. मग युद्ध आले, गेले आणि नवे सरकार आले. त्या सरकारला हे शास्त्र मुळीच पसंत नव्हते. म्हणून सेरेना दिवसा मुलांच्या दवाखान्यात नोकरी करी आणि संध्याकाळी आपल्या माणसांना घरी गुपचूप भेटे. त्यांनी बटण एकदाच, हलके दाबायचे असे ठरले होते.

त्याच वर्षांत माझे नशीब फिरले. पहाटे गुप्त पोलिसांची एक काळी मोटार येई, कुणाच्या तरी दाराची बेल लांबलचक वाजे आणि त्या घरातला माणूस नाहीसा होई. लोकांनी या दुखण्याला नावच ठेवले होते: बेलची धडकी. साध्या पोस्टमनने बटण दाबले तरी घरात कुणाच्या तरी हातून कप निसटे. ज्या बायका मला गोड म्हणत, त्या आता माझ्याखालून मान वळवून जाऊ लागल्या. शनिवारचे घासणे बंद झाले. मी काळी पडले.

कोचाच्या खोलीची भिंत पातळ होती, त्यामुळे मला नको ते ऐकू येई. ट्रामचा एक कंडक्टर सांगे, स्वप्नात आपल्या पोटात बेल वाजते आणि ट्रामभर माणसे आपल्याकडे बघतात. हातमोजे शिवणारी एक बाई स्वप्नात माझ्यासारख्या वाटीतून सूप पीत होती आणि सूप काही संपत नव्हते. एक शाळामास्तर तर रडलाच. स्वप्नात तो स्वतःच शेजाऱ्याच्या दाराचे बटण दाबत होता. मित्रांनो, प्रत्येक स्वप्नात मी! लाजेने मला वाटे, तार तुटावी आणि मी कायमची मुकी व्हावी.

सेरेना ही स्वप्ने एका निळ्या वहीत उतरवू लागली. तिचे म्हातारे गुरू आर्मिनकाका चहाला आले, तेव्हा तिने ती वही त्यांना दाखवली.

"स्वप्न ज्याचं त्याचं असतं, पोरी," काका म्हणाले. "बेल म्हणजे बाप. घरातला रागीट बाप. झालं!"

"काका, एकतीस माणसं, एकशे चौदा स्वप्नं. सगळ्यांचा बाप एकच?"

"मग काय, आता अख्खं शहर कोचावर झोपवणार?"

"झोपलंय कुठं ते? जागंच आहे. मी फक्त विचारतेय, का जागं आहे."

काका हसले, पण वही मात्र त्यांनी शेवटपर्यंत वाचली. सेरेनाने त्यात लिहिले होते की या भीतीच्या खाली लाज आहे. बेल शेजारी वाजली की प्रत्येकाच्या मनात पहिले वाक्य येते, "बरं झालं, आपली नव्हे." त्या वाक्यासाठी जो तो स्वतःलाच नीच समजतो आणि शेजाऱ्याची नजर टाळतो. एका माणसाचे मन वाचायचे शास्त्र शहराचे मन वाचायलाही उपयोगी पडते, असे तिचे म्हणणे होते. ही वही कधी छापली गेली, तर प्रत्येकाला कळेल की हे आपल्या एकट्याचे पाप नव्हे.

"पण ती त्यांच्या हाती पडली तर?" काकांनी विचारले. "नावं नसली म्हणून काय झालं, ओळखतील की!"

"बेल लांब वाजली, तर वही शेगडीत," सेरेना म्हणाली.

ऑक्टोबरातला रविवार होता, भर दुपार. सुटीच्या दिवशी तिच्याकडे कुणीच येत नसे. सेरेना शेगडीपाशी बसून वहीत लिहीत होती आणि बाहेरून कुणीतरी बटण दाबले. दाबले ते सोडेचना. मी वाजत राहिले, वाजत राहिले. मला थांबता येत नाही हो, तो माझ्या हातचा खेळ नाही! सेरेनाचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. तिने शेगडीचे दार उघडले आणि चार वर्षांची वही आत लोटली.

बाहेरून एका पुरुषाचा आवाज आला, "अगं, सोड ते बटण! जळेल ना बेल!"

सेरेनाने दार उघडले. दारात शेजारची एतेल्का हसत-रडत उभी होती आणि तिच्या मागे, टोपी हातात घेऊन, तिचा नवरा डेझ्यो. दोन वर्षांपूर्वी पहाटे त्याला नेले होते. तो हाडांचा सापळा झाला होता, पण परत आला होता.

"डॉक्टरबाई, आला माझा माणूस! सुटला! आधी तुम्हालाच सांगायला धावले बघा!"

"काहीतरी जळतंय," डेझ्यो हुंगत म्हणाला.

सेरेना मागे धावली. चिमट्याने ओढले तेव्हा पुठ्ठा तेवढा हाती आला. ती मटकन खाली बसली.

"एतेल्का, ह्यांना नेलं त्या पहाटे मी जागी होते," ती एकदम म्हणाली. "तुमची बेल ऐकली. म्हटलं, बरं झालं, आपली नव्हे. उशी घेतली कानावर. सगळ्यांची स्वप्नं लिहिली मी, एवढं मात्र लिहिलं नाही."

एतेल्का तिच्याशेजारी खाली बसली. मग रुमाल पदरासारखा तोंडाशी नेऊन म्हणाली, "खालच्या मजल्यावर वाजली होती ना, त्याच्या आदल्या महिन्यात... तेव्हा मीही हेच म्हटलं होतं, बाई."

मित्रांनो, आता माझेही ऐका. त्या पहाटे भिंतीपलीकडे एतेल्काची बेल आक्रोश करत होती. आम्ही दोघी एकाच दुकानातून आलेल्या. आणि मी मनात म्हटले, बरे झाले, ती वाजतेय, मी नाही. लोक मला घाबरले, त्याची लाज पुढे विरून गेली. ही लाज मात्र अजून तशीच आहे.

त्या संध्याकाळी सेरेनाने नवी वही घेतली. पहिल्या पानावर तिने स्वतःचे नाव न लपवता लिहिले, "स्वप्न पहिले: माझे." एतेल्का समोर बसून दुसरे सांगत होती.

आज त्या दारावर नवे यंत्र आहे आणि मी एका खोक्यात पडून आहे. मला कुणी घासावे, पुसावे, अशी माझी मागणी नाही. एवढेच मागते, की शेजारची बेल लांब वाजली, तर उशी कानावर घेऊ नका. उठा आणि आपले दार उघडा.