मागाच्या जागी खुर्ची

पोलंडमधल्या वूच शहरातल्या जुन्या कापडगिरणीत आता लॉफ्ट, म्हणजे उंच छताची प्रशस्त घरं, निघालेत. त्यातला एक भाड्याने घ्यायचा म्हणून मी आईला घेऊन बघायला गेले.

"जमिनीवरचे डाग घासून काढू, आजी," एजंट राडेक म्हणाला.

"हात तर लावून बघ," आई म्हणाली. "माझ्या मागाचं तेल आहे ते. सव्वीस वर्षं इथे उभी होते मी."

मग ती लांबच्या खिडकीपाशी गेली आणि तिथून माझ्याकडे बघत तिने नुसते ओठ हलवले. मागांच्या खडखडाटात गिरणीतल्या बायका अशाच बोलायच्या. मलाही तिने लहानपणीच शिकवलं होतं.

"काय म्हणाल्या?" राडेकने विचारलं.

"त्या डागांवर आरामखुर्ची टाक म्हणाली. आता या जागी तिची लेक ऐटीत बसणार. करार काढ."