तिसरा फर्मा

“मग बोट बुडाली का?”

“मला काय ठाऊक? बोट बुडायच्या आधीच माझा कागद संपला.”

“असा कसा संपला?”

“संपला म्हणजे संपला. पुढचं शेजारणीकडे गेलं.”

पिपाणी पायरीवर गुडघ्यात तोंड घालून बसली. तान्ही असताना रडून घर डोक्यावर घ्यायची, म्हणून तिचं नाव पिपाणी पडलं होतं. आता आठ वर्षांची झाली तरी तेच चालू होतं. मावशी भांडी घासत राहिली. तिच्या सगळ्या गोष्टी अशाच असायच्या, डोकं नाही आणि शेपूट नाही.

मावशी पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात कामाला होती. छापखान्यातून मोठाले छापील कागद यायचे. त्यातल्या एकेका कागदाला फर्मा म्हणायचे. घडीवर घडी घालून तो दुमडला की त्याची सोळा पानं व्हायची. लांब टेबलाला बायका ओळीने उभ्या असत. पहिलीकडे पहिला फर्मा, दुसरीकडे दुसरा. मावशी ऐन तारुण्यात तिसऱ्या जागेवर लागली आणि तिथेच तिचे केस पांढरे झाले. त्यामुळे कितीतरी पुस्तकांचा तिसरा तुकडा तिला तोंडपाठ होता. तोही चोरून वाचलेला. मुकादम मागून यायचा आणि म्हणायचा, “बाई, घडी घालायला ठेवलंय, वाचायला नाही.”

पुस्तकं बनवणाऱ्या बाईने पुस्तक वाचलं तर तो कामचुकारपणा. यात मुकादमाला काही वावगं वाटत नव्हतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही वाटलं नसावं. ते त्या टेबलापर्यंत कधी आलेच नाहीत.

पिपाणीची आई म्हणजे मावशीची धाकटी बहीण. ती दवाखान्यात आया होती. तिघी एका खोलीत राहत. सुट्टी लागताना शाळेतल्या बाईंनी बहिणीला बोलावून घेतलं होतं. पोरगी अक्षरं ओळखते, पण वाचत नाही. जरा अडखळली की पुस्तक मिटते. सुट्टीत वाचून घ्या. शाळा उघडली की मी उभं करून वाचायला लावीन, नाही जमलं तर पुन्हा याच वर्गात.

“तू तिला गोष्टी सांगून लाडावून ठेवलंयस,” बहीण म्हणाली. “वाचायला बसव.”

“बसवते. ती बसायला नको?”

“मला नाही आवडत,” पिपाणी म्हणाली. “वाचलं की खाली प्रश्न असतात.”

यात खोटं काही नव्हतं. घरात पुस्तक एकच, शाळेचं. प्रत्येक धड्याखाली प्रश्न. मोठ्या माणसाला जेवून उठल्यावर कोणी विचारत नाही, काय काय खाल्लंस ते दोन वाक्यांत सांग. विचारलं तर तो ताट भिरकावून देईल. पोरांनी मात्र तसं करायचं नाही.

खाली प्रश्न नसलेलं पुस्तक हवं, एवढं मावशीला कळलं. कारखान्याच्या कोपऱ्यात खराब फर्म्यांचा ढीग पडलेला असायचा. कुठे शाई फासलेली, कुठे कोपरा चुरगळलेला. तो रद्दीत जायचा. तिने मुकादमाला विचारलं.

“काय करणार?”

“भाचीला हवेत.”

“ने. फक्त इथे बसून वाचू नकोस.”

दर उन्हाळ्याच्या तोंडावर मुलांच्या एका मालिकेच्या नव्या आवृत्तीचं काम यायचं. सगळी पुस्तकं एकाच मापाची, एकाच टायपातली. तिने ढिगातले त्यातल्या त्यात स्वच्छ फर्मे, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत एकेक, निवडून घरी आणले. घड्या घातल्या, दाभणाने भोकं पाडली, शिवलं, खळ लावून वर पुठ्ठा चढवला. मग कारखान्यात करतात तसं तपासलं. अंगठ्याखालून पानं भराभर सोडत पानांचे आकडे पाहिले. पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ ओळीत. एकही आकडा निसटला नव्हता.

“प्रश्न आहेत का?” पिपाणीने हातात घेण्याआधी विचारलं.

“एकही नाही.”

पहिले काही दिवस ती बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. मग बोट गेलं. मग ओठ थांबले. बहीण पाळीवरून आली आणि चपला न काढता दारातच उभी राहिली; पोरगी मान वर करत नव्हती.

“मावशी, विहीर खणणाऱ्याची मुलगी एकदम शिंपी कशी झाली?”

“मोठी झाली असेल.”

“आणि मग ही तुझी बोट आली. पुढच्या पानावर गाढव आहे.”

“म्हणजे बोट किनाऱ्याला लागली.”

“हां,” पिपाणी म्हणाली. तिला पटलं. मावशीलाही काही खटकलं नाही. तिच्या आयुष्यात सगळ्याच गोष्टी अशा मधूनच सुरू झाल्या होत्या.

वाचनालयात शनिवारी मुलं वाचलेली गोष्ट सांगत. दारावर मोठा फलक: सुट्टीत वाचा. आत मुलांच्या पुस्तकांचं काचेचं कपाट, आणि त्याला कुलूप, कारण सुट्टीत मुलं पुस्तकं फाडतात. गोष्ट सांगायची ती घरून आणलेल्या पुस्तकातली. म्हणजे ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत त्यांनी वाचावं म्हणून हा सगळा खटाटोप. बहीण कौतुकाने पिपाणीला घेऊन गेली.

पिपाणीने न अडखळता गोष्ट सांगितली. समोरच्या एका पोराने विचारलं, “बोट किनाऱ्याला लागली, हे कुठे लिहिलंय?”

ग्रंथपालबाईंनी पुस्तक मागून घेतलं. चार पानं पुढे, चार मागे. “अगं, हे पाच पुस्तकांचे तुकडे आहेत. एकाचा एकाला मेळ नाही. कोणी शिवलं हे?”

पोरं खो खो हसली.

“सापडलं,” पिपाणी म्हणाली.

घरी येऊन तिने पुस्तक मावशीच्या मांडीवर ठेवलं.

“तुला माहीत होतं?”

“नाही गं.”

“वाचलं नव्हतंस?”

“आकडे बघितले होते.”

पिपाणी भिंतीकडे तोंड करून पडली. त्या दिवसापासून तिने छापलेल्या कशालाही हात लावला नाही.

“होतं तेही घालवलंस,” बहीण म्हणाली. “शाळा उघडत आली. आता तूच जा आणि शाळेतल्या बाईंना सांग.”

मावशीच्या हातचं काम आजवर परत आलं नव्हतं. ती खिडकीशी बसली आणि तिने ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढलं. मग दुसऱ्या दिवशी मुकादमापुढे उभी राहिली.

“अर्धा दिवस सुट्टी हवी.”

“कशाला?”

“वाचायला.”

मुकादमाला वाटलं, बाई थट्टा करतेय. “पगार कापीन,” तो म्हणाला.

“काप.”

पिपाणीला तिने जवळजवळ ओढतच वाचनालयात नेलं. ग्रंथपालबाईंच्या टेबलापुढे उभी राहून म्हणाली, “ते पुस्तक मी शिवलं होतं. पोरगी माझ्यापायी खोटं बोलली.”

बाई जरा अवघडल्या. “असू द्या हो. आता काय हवंय?”

“बोटीचं पुस्तक.”

“नाव काय?”

“नाव पहिल्या फर्म्यावर असतं. माझ्याकडे तिसरा.”

“मग कसं शोधणार?”

“कुलूप काढा. आम्ही बघतो.”

“मुलं फाडतात हो पुस्तकं.”

“फाटलं तर शिवून देते. या वेळी वाचून.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि खणातून किल्ली काढली.

पिपाणी आधी हात मागे बांधून उभी होती. मावशीने एक पुस्तक काढलं, मधोमध उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. “माझे डोळे दमलेत. बघ, बोट आहे का.”

पिपाणीने नाइलाजाने दोन ओळी वाचल्या. “नाही. चोर आहे.”

“हे?”

“हत्तीला दाढ दुखतेय.” मग चौथं-पाचवं ती स्वतःच काढू लागली. “हे नाही. हे नाही. हे पण... थांब, एवढं पान संपवू दे.” ते पान संपलं, त्याच्यापुढचं संपलं. पिपाणीने ते पुस्तक परत न ठेवता बाजूला काढून ठेवलं.

बोट खालच्या खणात सापडली.

दोघी बाकावर बसल्या. “पहिल्यापासून वाच,” मावशी म्हणाली. पिपाणी हळू आवाजात वाचू लागली. मावशीला बोट कोणाची, ती निघाली कशाला, हे आज कळत होतं. तिसरा फर्मा आला तशी तीही पुटपुटू लागली, पुस्तकाकडे न बघता. भाचीच्या एखादा शब्द पुढेच. अंगठा पानाच्या घडीवरून खाली दाबत फिरत होता, टेबलावर फिरायचा तसा.

पिपाणीने पान उलटलं. मावशीचे ओठ थांबले.

तिने अंगठा काढून घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पुस्तकासमोर असे रिकामे हात घेऊन ती आजवर बसली नव्हती.

“वाच,” ती म्हणाली.