घोडेस्वारांचे नऊ डबे

म्हाताऱ्या थोरलीने फिल्मचा नववा डबा टेबलावर आपटला.

"हा शेवटचा. ह्या टोपीवाल्यांपायी ह्यांनी अख्खा जन्म घालवला."

फिल्म गोळा करणाऱ्या पाहुण्याने हातमोजे चढवले, फीत खिडकीच्या उजेडात धरली आणि भिंग लावलं. धूळ, घोडे, बंदुका. मूकपटांचा काळ.

"आजी, वडिलांच्या मांडीवर बसून पाहायचो हे. चांगला कोण, वाईट कोण, टोपीवरूनच कळायचं. तेवढं सोपं पुन्हा काही राहिलं नाही."

"सोपंच की! मेलेला माणूस कपडे झटकून घरी जातो."

दारात चहा घेऊन आलेली सून खाली बघू लागली.

पाहुणा एकेक डबा तपासत गेला. सहाव्याला त्याच्या कपाळावर आठी पडली.

"इथं जोड आहे. इथंही."

"ह्यांचा हात आहे तो. पडद्यावर कुणाला कळायचा नाही."

"कळत नाहीच. पण बंदूक सुटते, धूर निघतो अन् पडत कुणीच नाही. पडतानाचा तुकडा तेवढा कापलाय. प्रत्येक डब्यात."

थोरलीचा हात पदराशी थांबला.

अकरा वर्षांपूर्वी कारखान्याच्या फाटकात तिचा मुलगा, ह्याच सुनेचा नवरा, गोळी लागून पडला. आठव्या दिवशी तिचा नवरा घरातल्या सिनेमायंत्राच्या खोलीत शिरला, दार लावलं. आतून घरघर ऐकू येई. 'पोटचा पोर गेला आणि तुम्हाला सिनेमा सुचतोय?' ती दाराबाहेरून म्हणाली होती. ते शेवटचं. मग तो वारेपर्यंत ताट सरकवायची, बोलायची नाही.

"तुकडे मिळाले तर मी परत जोडीन," पाहुणा म्हणाला. "पूर्ण चित्रपट दुसरीकडे कुठेच नाही. मागाल ते देईन. तुकड्यांशिवाय मात्र माझ्या काही कामाचा नाही."

थोरलीने मागच्या पलंगाखालचा पत्र्याचा डबा टाचेने आणखी आत ढकलला. नवऱ्याने तो कधी टाकू दिला नव्हता. आत काहीतरी हलकंसं सळसळलं.

"काय आहे त्यात?"

"बटणं."

सुनेने तिच्याकडे पाहिलं.

"ते भिंग द्या इकडे," थोरली म्हणाली.

पाहुण्याने फीत धरून दिली. चिमुकल्या चौकटीत एक तरुण छातीवर हात ठेवून उभा होता.

"हा पुढे पडतो," पाहुणा म्हणाला.

"ह्यात नाही पडत."

तिने भिंग सुनेच्या हातात दिलं.